सहाशे चाळीस रूपांची लायब्ररी: ट्रास्टुझुमॅबवरच्या कामाच्या नोंदी

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या बायोटेक विभागात केलेलं हे काम. हाताशी पीसीआर मशिन, सेंट्रिफ्यूज, शेकर, एक जुना एलायझा (प्रथिन कशाला किती चिकटतं ते रंगावरून मोजायची चाचणी) रीडर आणि एमएस्सीच्या दोन विद्यार्थिनी. पुण्या-बंगळुरूच्या लॅबसाठी या नोंदी नाहीत. आमच्यासारख्या ठिकाणी अँटीबॉडीची व्हेरियंट लायब्ररी (एकाच अँटीबॉडीच्या थोड्या थोड्या बदललेल्या रूपांचा संच) करायची असेल, तर पैसे आणि आठवडे कुठे जातात ते कळावं म्हणून लिहून ठेवतेय.

३ मार्च

लक्ष्य ठरलं: ट्रास्टुझुमॅब. स्तनाच्या कर्करोगावरचं हे अँटीबॉडी औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झालं. भारतातही त्याचे बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती मान्य आवृत्ती) मिळतात. निवडीचं कारण साधं आहे. अनुक्रम खुला, हर-टूशी (कर्करोगाच्या पेशींवरचं प्रथिन, हे औषध त्यालाच धरतं) जुळलेली रचना २००३ पासून खुली, आणि दुखणं नेमकं ठाऊक. जड साखळीच्या तिसऱ्या सीडीआरमध्ये (लक्ष्याला धरणाऱ्या तुकड्यात) ९८ व्या जागी ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल आणि त्याला लागून ९९ व्या जागी ग्लायसिन आहे (काबाट पद्धतीचे क्रमांक, सलग मोजलं तर ॲस्पार्टेट १०२ वर येतं). अशी जोडी साठवणुकीत टिकत नाही, ॲस्पार्टेटचं आयसोमरायझेशन होतं, म्हणजे त्याच्या अणूंची मांडणी बदलते. या औषधात ते याच जागी होतं आणि त्याने ताकद घटते, हे २००१ मध्येच प्रसिद्ध झालंय.

आमचं काम एवढंच: ९८ वरचं ॲस्पार्टेट घालवायचं, पण हर-टूवरची पकड सुटू द्यायची नाही.

यातून औषध निघणार नाही हे विद्यार्थिनींना पहिल्याच दिवशी सांगितलं. अनुक्रमातलं एक अमिनो आम्ल बदललं तरी ते बायोसिमिलर राहत नाही, नवीन औषध होतं, आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. शिकायचंय ते लायब्ररी आखायचं.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवलं. एससीएफव्हीचं (अँटीबॉडीचा लक्ष्याला धरणारा छोटा भाग) जनुक बाहेरून बनवून घेतलं, फेजमिड (हा भाग फेजच्या, म्हणजे जिवाणूंच्या विषाणूच्या, अंगावर आणणारं प्लास्मिड) आमच्याकडे होतं.

११ मार्च

प्रस्तावात पाच जागा आणि एनएनके कोडॉन असं लिहिलं होतं, म्हणून पाच जागा आणि एनएनके. प्रस्ताव लिहिताना कुणी वसाहती (प्लेटवर एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) मोजत नाही.

आज फळ्यावर मोजल्या. एनएनके म्हणजे कोडॉनची पहिली दोन अक्षरं कुठलीही, तिसरं जी किंवा टी, म्हणजे एका जागी ३२ कोडॉन. पाच जागांना ३२ चा पाचवा घात, म्हणजे ३,३५,५४,४३२. प्रथिनांच्या पातळीवर रूपं ३२ लाखच, पण नळीत डीएनए असतो, प्रथिन नाही. कुठलंही एक रूप किमान एकदा तरी हाती लागायची शक्यता ९५ टक्के हवी, तर लायब्ररीच्या तिप्पट वसाहती लागतात. म्हणजे दहा कोटी. वर प्रत्येक जागी ३२ त एक स्टॉप कोडॉन (प्रथिन मध्येच थांबवणारा), पाच जागा धरल्या तर जवळपास १५ टक्के क्लोनमध्ये कुठेतरी स्टॉप. ल्युसिन, सेरिन, आर्जिनिन यांना तीन-तीन कोडॉन आणि ट्रिप्टोफॅनला एकच, हा पक्षपात वेगळाच.

दहा कोटींसाठी इलेक्ट्रोपोरेटर (विजेच्या झटक्याने पेशीत डीएनए घालणारं यंत्र) हवा. आमच्याकडे नाही. कराडच्या एका संस्थेत आहे, ते देतो म्हणाले.

२ एप्रिल

प्रायमर (पीसीआरसाठी मागवलेले, बदल घातलेले डीएनएचे छोटे तुकडे) आले. लांबी ७५ अक्षरांच्या आसपास, कारण सीडीआर ओलांडून दोन्ही बाजूंना चिकटायला जागा लागते. पैसे वाचवायला साधी डीसॉल्ट (फक्त मीठ काढलेली) शुद्धता मागवली होती. याचं पुढे काय झालं ते १९ एप्रिलच्या नोंदीत.

टीजी१ पेशी (ई. कोलाय जिवाणूचा एक प्रकार) मिनिमल माध्यमावर वाढवल्या. ही पायरी गाळू नका. एफ प्लास्मिडवर प्रोलिन बनवणारी जनुकं असतात, त्यामुळे मिनिमल माध्यमावर एफ प्लास्मिड गमावलेल्या पेशी वाढत नाहीत. एफ गेलं की पिलस (जिवाणूच्या अंगावरचा केसासारखा धागा) गेला, आणि पिलस नसेल तर एम१३ फेज आत शिरणार कुठून?

९ एप्रिल, कराड

पहाटे पेशी तयार केल्या, थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरला आणि गाडी काढली. कासेगावच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी मुंगीसारखी चालत होती. एप्रिलचं ऊन, डब्यात अर्धं पाणी.

पहिल्या क्युव्हेटला (झटका द्यायच्या छोट्या कुपीला) फट्‌कन आवाज आणि ठिणगी. दुसऱ्यालाही तेच. लायगेशनमधलं (डीएनएचे तुकडे जोडायच्या मिश्रणातलं) मीठ. लायगेशन जसंच्या तसं पेशीत घातलं की असंच होतं. त्यांच्याच लॅबमधून एक कॉलम घेतला, डीएनए धुऊन बफरऐवजी पाण्यात उतरवला. मग २ मिलिमीटरच्या क्युव्हेटला २.५ किलोव्होल्ट, टाइम कॉन्स्टंट पाच मिलिसेकंदांच्या आसपास, ठिणगी नाही. पण निम्मा डीएनए पहिल्या दोन क्युव्हेटमध्येच गेला होता.

११ एप्रिल

सगळं मिळून चार लाखांच्या आसपास वसाहती. हव्या होत्या दहा कोटी. प्रत्येक वसाहतीत वेगळं रूप आहे असं समजलं तरी लायब्ररीतल्या शंभर रूपांमागे जेमतेम एक आमच्याकडे आलंय.

विद्यार्थिनींचं म्हणणं, आहे त्यावर पॅनिंग (हर-टूला चिकटणारे फेज वेचणं) करून बघू. करता आलं असतं. काहीतरी चिकटलंही असतं. पण नव्याण्णव टक्के रूपं कधी तपासलीच गेली नाहीत, तेव्हा "९८ वर अमुक चालत नाही" असं वाक्य कुठल्याही तोंडाने लिहिता येणार नाही. न दिसण्याचा अर्थ लागायचा असेल, तर आधी ते रूप नळीत होतं याची खात्री पाहिजे.

१९ एप्रिल

पॅनिंगच्या आधी २४ वसाहती सँगरला (डीएनएची अक्षरं वाचायला) पाठवल्या. प्रत्येकी साडेतीनशे रुपये. या कामातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच.

निकाल: सातमध्ये मूळ अनुक्रम जसाच्या तसा, म्हणजे टेम्प्लेट (ज्यावरून पीसीआर केला तो मूळ डीएनए) आलंय. आठमध्ये एखादं अक्षर गळालेलं, त्यामुळे फ्रेम सरकलेली, पुढचे सगळे कोडॉन बिघडलेले. दोनमध्ये टीएजी, म्हणजे स्टॉप. धड म्हणावेत असे सातच.

अक्षरं का गळाली ते प्रायमरच्या लांबीतच आहे. संश्लेषणात प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली, तरी ७५ अक्षरांच्या शेवटी पूर्ण लांबीचे रेणू निम्म्याहून कमी उरतात. डीसॉल्टमध्ये अपुरे रेणूही सोबत येतात. दोन हजार वाचवायला गेलो आणि लायब्ररीचा तिसरा हिस्सा कचरा. लांब प्रायमर पेज शुद्धीचाच (जेलवर लांबीनुसार वेगळा केलेला) घ्या.

आणि एक. एकत्रित नमुन्याचा क्रोमॅटोग्राम काढला तर 'एन'च्या जागी चार शिखरं सारखी नव्हती, जी आणि टी उंच. मिश्रण हाताने केलेलं की मशिनने, हे मागवतानाच विचारायला हवं.

२८ एप्रिल

पाच जागांची लायब्ररी बंद. उलटीकडून सुरुवात केली. इलेक्ट्रोपोरेटर न वापरता, साध्या कॅल्शियम क्लोराइडच्या पेशींत, इथे सांगलीत आम्हाला भरवशाने किती वसाहती मिळतात? काही हजार, पाच हजार धरू. मग लायब्ररी हजाराच्या आत बसली पाहिजे.

रचना स्क्रीनवर उघडली आणि जागा एकेक करून तपासल्या. ९५ वरच्या ट्रिप्टोफॅनला हात नाही, हर-टूला धरणाऱ्या मुख्य आम्लांतलं ते एक. ९९ चं ग्लायसिनही तसंच ठेवायचं. बदलायला घेतल्या चार जागा: ९७, ९८, १०० आणि १००सी. कुठे काय घ्यायचं यापेक्षा कुठे काय येऊच द्यायचं नाही, याची यादी आधी केली. सिस्टीन कुठेच नको, सुटं सिस्टीन भलतीच जोडी जमवतं. स्टॉप नको. ९८ वर ॲस्पार्टेट तर नकोच, ॲस्परॅजिनही नको, कारण पुढे ग्लायसिन आहे आणि ॲस्परॅजिन-ग्लायसिन जोडीचं डीॲमिडेशन होतं (ॲस्परॅजिनचा अमाइड गट सुटतो). एक रोग घालवून दुसरा आणल्यासारखं.

संध्याकाळपर्यंत हे जमलं (आर, एस, व्ही, एच, वाय, डब्ल्यू, के म्हणजे त्या जागी ए, सी, जी, टी यांतल्या ठरावीक दोन-तीन अक्षरांपैकी कुठलंही):

९७ वर आरएसटी: ग्लायसिन, अलॅनिन, सेरिन, थ्रिओनिन. चार.

९८ वर व्हीएचजी: लायसिन, थ्रिओनिन, मेथिओनिन, ग्लुटामिन, प्रोलिन, ल्युसिन, ग्लुटामेट, अलॅनिन, व्हॅलिन. नऊ कोडॉन, नऊ वेगळी आम्लं, स्टॉप नाही, सिस्टीन नाही, ॲस्पार्टेट-ॲस्परॅजिन नाही. हव्या असलेल्यांत फक्त ट्रिप्टोफॅन राहतं, आणि या जागी ट्रिप्टोफॅन चांगलं बसतं हे प्रसिद्ध काम आहे. म्हणून त्याचा वेगळा प्रायमर, टीजीजी असलेला. दोन्ही नऊला एक या प्रमाणात मिसळायचे. दहा.

१०० वर वायडब्ल्यूटी: फेनिलॅलनिन, टायरोसिन, हिस्टिडिन, ल्युसिन. चार.

१००सी वर डब्ल्यूटीके: मेथिओनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, फेनिलॅलनिन. चार. इथलं मूळ मेथिओनिन ऑक्सिडेशनला बळी पडू शकतं, तर पर्याय बघून ठेवावेत.

चार गुणिले दहा गुणिले चार गुणिले चार: ६४०. प्रत्येक कोडॉनला वेगळं आम्ल, म्हणून डीएनएतही ६४० आणि प्रथिनातही ६४०. तिप्पट म्हणजे १९२० वसाहती. एवढ्या तर आमच्या पेशी देतातच.

कोडॉन निवडायला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही. जेनेटिक कोडचा तक्ता, पेन्सिल आणि खोडरबर.

५ मे

ऑर्डर पाठवायच्या आधी एका विद्यार्थिनीने हटकलं, "मॅडम, हा रिव्हर्स प्रायमर आहे ना? मग व्हीएचजी असंच कसं लिहायचं?" बरोबर. रिव्हर्स प्रायमरमध्ये पूरक आणि उलटं लिहावं लागतं: व्हीएचजीचं सीडीबी, आरएसटीचं एएसवाय, वायडब्ल्यूटीचं एडब्ल्यूआर, डब्ल्यूटीकेचं एमएडब्ल्यू, टीजीजीचं सीसीए. एस आणि डब्ल्यू उलटूनही तेच राहतात, त्यामुळे नजरेला फसवतात. व्हीएचजी तसंच गेलं असतं तर ९८ वर हिस्टिडिन, ग्लुटामिन, आर्जिनिन आणि ल्युसिन एवढंच आलं असतं, आणि ते कळायला महिना गेला असता. कंपनीचा फॉर्म हे तपासत नाही. लिहिलेलं बनवून देतो.

दोन्ही प्रायमर पेज शुद्धीचे. बिल साडेआठ हजार.

१४ मे

मूळ टेम्प्लेट परत येऊ नये म्हणून टेम्प्लेटच मोडून घेतलं. सीडीआरच्या जागी दोन स्टॉप कोडॉन आणि एक रिस्ट्रिक्शन साइट (ठरावीक एन्झाइम जिथे डीएनए कापतं ती जागा). आता टेम्प्लेट चुकून राहिलंच, तर त्यातून एससीएफव्ही बनणार नाही.

इथे एक खाच आहे. स्टॉप म्हणून टीएजी घालू नका. टीजी१ पेशी टीएजीला ग्लुटामिन समजून काही प्रमाणात पुढे वाचतात. फेजमिडमध्ये एससीएफव्ही आणि फेजचं प्रथिन जोडायला याच गुणाचा वापर होतो. टीएए घाला.

पीसीआरनंतर डीपीएनआय एन्झाइम. ते फक्त मिथिल लागलेला, म्हणजे पेशीत बनलेला डीएनए कापतं. त्यावर त्या नव्या साइटचं एन्झाइम.

२३ मे

रात्री वळीव आला, लाईट गेली. सकाळी मामांनी दारातच सांगितलं, "मॅडम, रातच्याला चार तास लाईट न्हवती, इन्व्हर्टरबी बसलाय." उणे ८० आमच्याकडे नाही, उणे २० मध्ये ठेवलेल्या कॉम्पिटंट (डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या) पेशी पाण्यासारख्या झालेल्या. फेकल्या. लायगेशन सुखरूप होतं, ते वितळून काही बिघडत नाही.

तेव्हापासून नियम: पेशी त्याच दिवशी करायच्या, त्याच दिवशी वापरायच्या. कार्यक्षमता ताज्या पेशींत तशीही जास्त मिळते.

३० मे

सहा हजारांवर वसाहती. टेम्प्लेट मोडल्याचा परिणाम बघायला पुन्हा २४ सँगरला. या वेळी टेम्प्लेट एकात, अक्षर गळालेले तीन, बाकी वीस धड, आणि वीसही एकमेकांपासून वेगळे. ९८ वर ट्रिप्टोफॅन दोघांत, दहात एक या अपेक्षेला धरून.

सगळ्या प्लेट खरवडून ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवायचे साठे) केले. दोन नळ्या इथे, एक नळी मिरजेत ओळखीच्या लॅबमध्ये. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत कुणी सगळं एकाच जागी ठेवत नाही. आमचा फ्रीजरही तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावर आहे.

१७ जून

हर-टू आलं. ५० मायक्रोग्रॅम, बायोटिन लावलेलं, बत्तीस हजार रुपये. या प्रकल्पातली सगळ्यात महाग वस्तू बोटाच्या पेराएवढ्या नळीत.

१९२० क्लोन थेट एलायझाला लावायचा विचार होता. कंट्रोलसाठी आठ खळगे सोडले तर एका प्लेटवर ८८ क्लोन, म्हणजे २२ प्लेटा. खळग्यामागे ५० नॅनोग्रॅम धरलं तर प्लेटला ४.८ मायक्रोग्रॅम, २२ प्लेटांना १०५ च्या वर. आमच्याकडे ५०. म्हणून आधी पॅनिंगची एकच फेरी, मग दोन प्लेटा.

२४ जून

पॅनिंगला सिग्नलच नाही. मोडतोड न केलेल्या मूळ एससीएफव्हीच्या फेजलाही नाही, म्हणजे दोष लायब्ररीत नाही. हर-टू खराब आलं असेल या भीतीने दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही.

कारण निघालं दुधाची पावडर. ब्लॉकिंगला (प्लेटवरच्या रिकाम्या जागा झाकायला) स्किम्ड मिल्क पावडर वापरली होती. दुधात बायोटिन असतं, आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) जागा त्यानेच अडवल्या. बायोटिन लावलेल्या हर-टूला चिकटायला जागा उरली नाही. बीएसएवर (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) गेल्यावर मूळ एससीएफव्हीचा सिग्नल लख्ख. पावडर स्वस्त म्हणून वापरली, त्यात तीन मायक्रोग्रॅम हर-टू गेलं.

८ जुलै

पॅनिंगची फेरी झाली. दोन प्लेटा उचलल्या.

फेज एलायझात आकडा मोठा आला म्हणजे पकड चांगली, असं नसतं. फेजवर एससीएफव्ही जास्त बसलं असेल तरी आकडा मोठाच येतो. त्यामुळे प्रत्येक क्लोनचे दोन आकडे घेतले: एक हर-टूवर, एक प्रोटीन एलवर. ट्रास्टुझुमॅबची हलकी साखळी कप्पा गटाची आहे आणि प्रोटीन एल तिला धरतं, मग हर-टू असो वा नसो. दोन्हींचा भागाकार बघायचा. वरचे म्हणून खूण केलेल्या क्लोनमधले निम्मे या भागाकारात खाली आले.

१५ जुलै

चिकटपणाची तपासणी. ट्रिप्टोफॅनसारखी मोठी, तेलकट आम्लं बाहेर आली की अँटीबॉडी कशालाही चिकटू लागते, आणि असं औषध शरीरात लवकर साफ होतं. तपासायला खळग्यांना बीएसए, डीएनए आणि इन्सुलिनचा लेप. इन्सुलिन मिरजेच्या मेडिकलमधून आणलं, साधं रेग्युलर. त्यातला क्रेसॉल धुऊन जातो.

९८ वर ट्रिप्टोफॅन आणि सोबत १०० वर फेनिलॅलनिन, १००सी वरही फेनिलॅलनिन, असे तीन क्लोन हर-टूवर जोरात होते, पण इन्सुलिनवरही होते. बाद. एका विद्यार्थिनीला ते फार जिवावर आलं, कारण यादीत पहिला नंबर त्यातल्याच एकाचा होता.

२ ऑगस्ट

सँगरचे शेवटचे निकाल. तीन गाळण्यांतून उरलेल्यांत ९८ वर ट्रिप्टोफॅन ठळक, त्याखाली ल्युसिन आणि ग्लुटामेट. प्रोलिन एकातही नाही. पण पॅनिंगआधीच्या वीस धड क्लोनमध्ये प्रोलिन होतं, तेव्हा "इथे प्रोलिन पकड घालवतं" असं म्हणायला या वेळी आधार आहे. चार लाखांच्या लायब्ररीत हे वाक्य लिहिता आलं नसतं. ९७ वर ग्लायसिन आणि अलॅनिन, बाकी तुरळक. १००सी वर ल्युसिन असलेले क्लोन मूळ मेथिओनिनच्या बरोबरीने टिकले.

हे सगळं फेजवरचं. खरी पकड मोजायला सुटा फॅब (अँटीबॉडीचा लक्ष्याला धरणारा हात) बनवून यंत्रावर घालावा लागेल आणि ते यंत्र पुण्यात आहे. ४० अंशांवर काही आठवडे ठेवून ताकद टिकते का, तेही फॅबवरच बघायचं. चार क्लोन त्यासाठी काढलेत. ९८ वर दोघांत ट्रिप्टोफॅन, एकात ल्युसिन, एकात ग्लुटामेट. ग्लुटामेट मुद्दाम: विद्युतभार मूळ ॲस्पार्टेटसारखाच, पण आयसोमरायझेशनचा धोका बराच कमी.

१९ ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे मेसेज, आयर्विन पुलावर पाणी बघायला गर्दी. कॉलेजला सुट्टी. मामांनी फोनवर सांगितलं, जनरेटरला डिझेल आहे. फ्रीजर चालू.

१ सप्टेंबर

हर-टू उरलंय ३० मायक्रोग्रॅमच्या वर. विद्यार्थिनी विचारतायत, पॅनिंगची दुसरी फेरी करू का? नाही. ६४० रूपांच्या लायब्ररीत दुसरी फेरी केली की पकडीपेक्षा भराभर वाढणारे क्लोन वर येतात, आणि पहिल्या फेरीत मिळालेली विविधता जाते. उरलेलं हर-टू फॅबसाठी राखून ठेवलंय. मिरजेतल्या नळीतून थोडा स्टॉक काढून इथे पुन्हा वाढवला, ७५ टक्क्यांवर वसाहती धड निघाल्या. ज्यांना हीच लायब्ररी दुसऱ्या अँटिजेनवर न वापरता याच कामाला पुढे न्यायचीय, त्यांना ती देता येईल, पण आपल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचं पत्र सोबत आणा आणि थर्मोकोलचा डबाही.